सुट्या भागांत आलेली पहिली मॅच एअर रायफल: न सापडणारे आणि न बसणारे भाग

पेटी उघडली की पहिला मोह होतो तो रायफल जोडून लगेच खांद्याला लावून बघायचा. माझं ऐकाल तर पहिल्या संध्याकाळी एकही स्क्रू फिरवू नका. आमच्या शूटिंग रेंजवर नवीन मुलांच्या रायफली जुळवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. बिघडलेल्या रायफलींपैकी निम्म्याहून अधिक त्या पहिल्या संध्याकाळच्या घाईत बिघडलेल्या असतात.

हा लेख १० मीटर एअर रायफलबद्दल आहे, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ४.५ मिमीच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीबद्दल. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात कैरोला जगज्जेता झाला. २०२४ मध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, आणि त्यानंतर आईवडील मुलांना घेऊन रेंजवर यायला लागले. नवी परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. मग एखाद्या सिनिअर नेमबाजाची जुनी सिस्टीम (नळी आणि यंत्रणा), दुसऱ्याचा स्टॉक (ती ज्यात बसते तो सांगाडा), तिसऱ्याकडची साइट (नेम धरायचं साधन) अशी जमवाजमव होते. त्यात काही चूक नाही. अशा जुळवलेल्या रायफलीवर मुलं राज्य पातळीपर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. फक्त ती नीट जुळवायला हवी.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. नळी ४.५ मिमीची आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर शस्त्र नियम २०१६ नुसार एअर रायफलीला परवान्यातून सूट आहे. मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, म्हणजे बरीच आत. तरीही बिल आणि क्लबचं कार्ड पेटीत ठेवा, एसटीत किंवा रेल्वेत कुणी विचारलं तर उपयोगी पडतं. बारूद लागणाऱ्या बंदुकीला या लेखातलं काहीही लागू नाही. ती परवान्याशिवाय घरात जोडणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे.

आधी चादर, मग फोटो

पलंगावर किंवा जमिनीवर फिकट रंगाची, एकरंगी चादर अंथरा. नक्षीदार चादरीवर दोन मिमीचा ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू पडला की गेलाच म्हणायचा. हवेचा सिलिंडर रायफलीला लावलेला असेल तर तो हातानं फिरवून काढा. काढताना 'फुस्स' आवाज येईल, घाबरू नका. आत अडकलेली थोडी हवा बाहेर पडते, एवढंच. नळी तुमच्यापासून दूर आणि भिंतीकडे असू द्या. मग छर्रा भरायचा लिव्हर उघडा आणि मागून नळीत नायलॉनची दोरी घालून ती पुढच्या तोंडातून बाहेर आलेली डोळ्यांनी बघा. आत विसरलेला छर्रा असेल तर तो इथेच कळतो.

आता प्रत्येक भाग वेगळा ठेवून मोबाईलवर फोटो घ्या. बारीक वस्तूंशेजारी मोजपट्टी ठेवा. सिस्टीमवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर वहीत लिहा. त्या मॉडेलचं माहितीपुस्तक शोधलं की त्यात सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र मिळतं. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, आनशुत्झ या जर्मन कंपन्यांच्या पुस्तकांत ते असतंच, आणि प्रत्येक भागाला नंबरही असतो. त्या चित्राची प्रिंट काढा आणि समोर असलेल्या प्रत्येक भागावर खूण करत जा. खूण न झालेले भाग ही तुमची खरी यादी. 'काहीतरी कमी वाटतंय' असं दुकानदाराला फोनवर सांगितलं की गोंधळच होतो. भागाचा नंबर सांगितला की बोलणं दोन मिनिटांत संपतं.

बहुतेक वेळा काय हरवलेलं असतं

जुन्या रायफलीत ठरावीक गोष्टीच गायब असतात. फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या साइटच्या रिंगा, कारण त्या छोट्या डबीत असतात आणि डबी जुन्या मालकाच्या शूटिंग बॅगेत राहून जाते. साइट उंच करणाऱ्या ठोकळ्यांच्या जोडीतला एक. हवा भरायचा अडॅप्टर. बटप्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या भागाचा) एखादा लांब स्क्रू, ज्याच्या जागी कुणीतरी आखूड घालून ठेवलेला असतो. सिलिंडरच्या तोंडाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं. आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी, जो जवळजवळ नसतोच.

सेफ्टी फ्लॅगला पाच-दहा रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही. गवत कापायच्या मशीनची भडक केशरी नायलॉन दोरी घ्या आणि नळीच्या पूर्ण लांबीतून जाऊन दोन्ही बाजूंना दिसेल एवढी कापा. एअर रायफलीचा फ्लॅग पूर्ण नळीतून आरपार गेलेला असावा हा स्पर्धेचा नियम आहे. घरीही तोच पाळा. टेबलावर रायफल आणि नळीत फ्लॅग नाही, असं आमच्याकडे चालत नाही.

बाकीचे भाग मागवायच्या आधी एकदा पेटीचा फोम उचलून खाली बघा. सांगलीहून आलेल्या एका मुलाची हरवलेली रिंगांची डबी आम्हाला तिथेच सापडली होती, त्याच्या वडिलांनी नवी मागवल्यानंतर दोन दिवसांनी.

बसत नाही म्हणजे नेमकं काय होतंय

एखादा भाग बसत नसेल तर तो घट्ट करण्याच्या, घासण्याच्या किंवा ठोकण्याच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. तिथे घाण आहे का? भाग उलटा किंवा दुसऱ्या बाजूचा आहे का? तो दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा आहे का? आणि तो मुद्दामच तिथे बसू नये असा बनवलेला आहे का? या चौथ्या प्रश्नाकडे पुन्हा येतो, कारण हवेच्या बाबतीत तो जिवाशी निगडित आहे.

घाणीपासून सुरुवात करा. जुनं ग्रीस आणि शिशाची पूड आट्यांमध्ये साचून दगडासारखी होते. जुन्या टूथब्रशनं आटे साफ करा आणि स्क्रू आधी बोटांनीच लावा. चांगला स्क्रू दोन-तीन वेढे बोटांनी सहज जातो. अर्ध्या वेढ्यात अडला तर तो तिरका लागलाय किंवा आटे वेगळे आहेत. उलटा फिरवा. हलकी 'टक' जाणवली की आट्याचं तोंड जुळलं, मग पुढे फिरवा.

ॲलन कीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. या रायफली युरोपातल्या, त्यामुळे स्क्रू मिमीतले. आपल्या घरातल्या डब्यात मिमी आणि इंच दोन्ही प्रकारच्या की एकत्र पडलेल्या असतात. ३/१६ इंचाची की ४.७६ मिमीची असते. ती ५ मिमीच्या खोबणीत जाते, हाताला बरोबर वाटते, आणि जोर दिला की खोबणीचे कोपरे गोल करून टाकते. स्टॉकच्या मुख्य बोल्टचे कोपरे एकदा गेले की तो काढायला कारागीर शोधत फिरावं लागतं. म्हणून २, २.५, ३, ४ आणि ५ मिमीच्या चांगल्या की नव्या घ्या आणि रायफलीच्या पेटीतच ठेवा, घरातल्या इतर कामाला वापरू नका.

बटप्लेटची बात वेगळी. तिच्या दांड्यांमधलं अंतर कंपनीगणिक बदलतं. एकाची प्लेट दुसऱ्याच्या स्टॉकला 'जवळजवळ' बसते आणि लोक भोक मोठं करतात. तसं करू नका. त्या अंतरासाठी जोडपट्ट्या मिळतात, नाहीतर चांगला लेथवाला ॲल्युमिनियमची पट्टी दोन भोकं पाडून करून देतो. तिथे हवेचा दाब नाही, त्यामुळे गावातल्या वर्कशॉपचं काम चालतं. लाकडी ग्रिप मात्र उजव्या-डाव्या हाताची असते. चित्रात तशी दिसत नाही, हातात धरली की लगेच कळतं. डावखुऱ्याची ग्रिप काणस मारून उजव्या हाताची होत नाही.

साइट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मागची डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, ११ मिमीच्या डव्हटेल (तिरक्या कडांच्या) पट्टीवर बसते. ऑनलाइन मागवलेली साइट किंवा ठोकळा बसत नसेल तर तो बहुधा पिकाटिनी किंवा वीव्हर प्रकारच्या रुंद पट्टीचा आहे, तो परत करा. बसतो पण हलतो असं असेल तर पट्टीवर रंगाचा किंवा गंजाचा थर आहे का बघा. क्लॅम्पचा स्क्रू आवळताना साइट पुढे सरकवून, क्लॅम्पची कड खाचेला टेकवून मग आवळा. प्रत्येक वेळी त्याच जागी बसावी म्हणून पट्टीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा.

फोरसाइटच्या रिंगा दोन मापांत जास्त मिळतात, १८ आणि २२ मिमीच्या नळकांड्यांसाठी. एका मुलीची रिंग नळकांड्यात खुळखुळत होती आणि घरच्यांनी ती कागदाची घडी घालून अडकवली होती. प्रत्येक शॉटला ती जरा हलायची. गोळ्या सगळ्या टार्गेटच्या काळ्या गोलात, पण जमाव (गोळ्यांचा पुंजका) कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि पोरगी दोन महिने समजत होती की तिचा श्वास चुकतोय. २२ च्या नळकांड्यात १८ ची रिंग होती. दुसरी रिंग घातली आणि त्याच दिवशी जमाव जागेवर आला. एखाद्या मुलाचं तंत्र बदलायला घेण्याआधी रायफलीचा प्रत्येक भाग हलवून बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

रिंग कोणत्या मापाची घ्यावी यावर बरेच वाद होतात. साधा हिशोब असा. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा. डोळ्यापासून फोरसाइट साधारण ८५ ते ९० सेमीवर असते, आणि तिथून बघताना तो काळा गोल सुमारे अडीच मिमीचा भासतो. रिंगेच्या आत त्याभोवती स्वच्छ पांढरी पट्टी दिसायला हवी. त्यामुळे नवीन मुलांना मी ४.० किंवा ४.२ मिमीपासून सुरू करतो. पट्टी बारीक असली तर नेम अचूक लागतो असं वाटतं, पण डोळा थकतो आणि मूल शॉट सोडायला घाबरतं.

आता ठोकळे. मान उंच आणि खांदे खाली असलेल्या मुलाला साइट वर घ्यावी लागते, म्हणून पट्टी आणि साइट यांच्यामध्ये ठोकळा येतो. मागे ठोकळा आणि पुढे नाही, ही हरवलेल्या भागाची सगळ्यात फसवी जागा. समजा मागची साइट १० मिमी उंच झाली आणि दोन साइट्समध्ये ७० सेमी अंतर आहे. मग १० मीटरवर गोळी सुमारे १४ सेमी वर जाते, म्हणजे कागदाच्याही बाहेर. लोक डायॉप्टर खाली-खाली फिरवत राहतात, क्लिक (फिरवायचे टप्पे) संपतात, आणि 'साइट खराब आहे' असा निष्कर्ष निघतो. पुढेही तेवढ्याच उंचीचा ठोकळा लावा. जोडी असेल तरच लावायचा, नाहीतर दोन्ही काढून ठेवायचे.

जर्मन साइटच्या बटणांवर 'एच', 'टी', 'आर', 'एल' अशी अक्षरं असतात: होख म्हणजे वर, टीफ म्हणजे खाली, रेख्ट्स उजवा, लिंक्स डावा. अनेक साइट्सवर ही अक्षरं गोळी कुठे गेली ते दाखवतात. गोळी वर गेली असेल तर 'एच'च्या बाजूला फिरवायचं, म्हणजे ती खाली येते. नवीन माणूस हमखास उलटं करतो आणि मग बटण बिघडलंय असं म्हणतो. पाच गोळ्या मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा आणि जमाव कुठे सरकला ते वहीत लिहा. तुमच्या साइटची दिशा आणि एका क्लिकचं माप दोन्ही कळतं.

सिलिंडर आणि हवा: इथे स्वतःची अक्कल चालवायची नाही

सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख ठोकलेली असते. रायफल बनवणाऱ्या कंपन्या त्याचं आयुष्य १० वर्षं धरतात. तारीख उलटलेला सिलिंडर फुकट मिळाला तरी घेऊ नका. स्पर्धेत तो मुदतीत असल्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. तारीख खोडलेली किंवा रंगवलेली असेल तर तो सिलिंडर भंगारात द्या.

त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या टायरच्या कितीतरी पट हा दाब आहे. तो भरायचा अडॅप्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आट्यांसकट. मोठ्या टाकीला लागणाऱ्या डिन (जर्मन मानकाच्या) जोडात तर २०० बारचा जोड ३०० बारच्या व्हॉल्व्हला घट्ट बसतच नाही, आणि तो तसा मुद्दाम केलेला आहे. कमी दाबाचं सामान जास्त दाबाला चुकून लागू नये म्हणून. चौथा प्रश्न म्हणत होतो तो हाच. इथे काही बसत नसेल तर ती तुम्हाला दिलेली सूचना समजा. टेफ्लॉन टेप गुंडाळून, लेथवर आटे पाडून घेऊन किंवा पाना लावून ते बसवू नका. सिलिंडर रायफलीलाही फक्त हातानंच लावायचा.

हवा कोरडी आणि श्वासासाठी योग्य अशीच असावी. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. दवाखान्याच्या ओळखीनं 'गॅस मिळेल' असं कुणी सांगितलं तरी नाही म्हणा. भरताना हळू भरा. पटकन भरलं की सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो, आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. मग लोक म्हणतात गळती आहे.

खरी गळती ओळखायची तर भरलेला सिलिंडर एकटा, रायफलीपासून वेगळा, रात्रभर ठेवा. गेज सिलिंडरवरच असेल तर काट्याचा फोटो रात्री आणि सकाळी काढा. एकटा असताना दाब टिकतो, पण रायफलीला लावल्यावर उतरतो, तर बहुधा तोंडाची ओ-रिंग नाही, फाटलीय किंवा वळलीय. हा एक भाग तुम्ही घरी बदलू शकता. सिलिंडर काढून, नखानं किंवा लाकडी टूथपिकनं, सुईनं नाही. सुईनं खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. रिंग मूळ भागाच्या नंबरानेच मागवा. नळाच्या दुकानातली तशीच दिसते, पण तिचा कडकपणा वेगळा असतो. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. सिलिंडर एकटाच गळत असेल, किंवा रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, गेज यांपैकी काही दुखत असेल तर सेवा केंद्राला पाठवा. ते भाग घरी उघडायचे नाहीत, माझ्याकडे आणलेत तरी मी उघडत नाही.

स्टॉक, चाप आणि अंगाला बसणं

सिस्टीम स्टॉकमध्ये बसवताना दोन बोल्ट असतील तर आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की सिस्टीम किंचित तिरकी बसते आणि बोल्ट नीट बसत नाही असं वाटतं. पुस्तकात आवळायचं माप न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. रेंजवर टॉर्क पाना असेल तर मागून घ्या. लाकडी स्टॉकला पावसाळ्यानंतर पुन्हा बघावं लागतं, लाकूड फुगतं आणि बसतं.

चापाला शक्यतो हात लावू नका. पहिला टप्पा येत नसेल किंवा चाप लगेच सुटत असेल तर पुस्तकातलं मूळ सेटिंग परत आणा, त्यापेक्षा हलकं करू नका. मग छर्रा न भरता, ड्राय फायरवर लिव्हर बंद करून स्टॉकवर तळहातानं जरा जोरात थाप मारा. चाप आपोआप सुटला तर ती रायफल रेंजवर न्यायची नाही.

अंगाला बसवणं शेवटी. मुलाला बूट-जाकीट घालून उभं करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल चीकपीसवर टेकू द्या, आणि मग डोळे उघडायला सांगा. डायॉप्टरच्या मध्यातून फोरसाइट दिसली तर ठीक. गाल दाबून किंवा मान उचलून दिसत असेल तर चीकपीस हलवा, मान नाही. मग बटप्लेटची लांबी, मग तिची उंची. एका वेळी एकच गोष्ट बदला.

रायफल काट्यावर ठेवा: साइट्ससकट ५.५ किलोच्या आत. नळीच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत सिस्टीमची लांबी ८५० मिमीच्या आत. जुन्या रायफलींना कुणीतरी वजनं आणि एक्सटेन्शन लावलेली असतात, ती नियमाबाहेर जाताना कळत नाही.

पहिल्या चाचणीला चपट्या तोंडाचे मॅच छर्रे वापरा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवा आणि रायफल उशीवर टेकवून पाच-पाचचे जमाव मारा. जमाव घट्ट आणि एका बाजूला असेल तर साइट फिरवायची आहे. जमाव पसरट असेल तर काहीतरी ढिलं आहे: आधी फोरसाइट, मग डायॉप्टरचा क्लॅम्प, मग स्टॉकचे बोल्ट, मग नळीवरची वजनं. सगळं घट्ट असूनही पसरतोय तर ४.४९ आणि ४.५० अशा दोन्ही मापांचे छर्रे करून बघा. जमाव हळूहळू खाली उतरत असेल तर गेज बघा, अनेक रायफलींत ७० बारच्या आसपास आलं की भरायची वेळ झालेली असते.

सगळं जुळलं की चीकपीसची उंची, बटप्लेटचे आकडे, रिंगेचं माप आणि साइटचे क्लिक वहीत लिहा, आणि शेजारी तारीख व मुलाची उंची. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं तीन महिन्यांत दोन-तीन सेमी वाढतात. तेव्हा त्या आकड्यांवरून पुढचं माप काढायला सोपं जातं.